499 चा फलक आणि 588 रुपये 82 पैशांचं बिल

जुलैतल्या एका रविवारी आमच्या सोसायटीच्या गेटाशी मोठी छत्री रोवून एक मुलगा बसला होता. मागे फलक होता: फायबर इंटरनेट, महिना फक्त 499. आमच्याकडे केबलवाल्याचं नेट होतं, महिना 600 रुपये. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यापासून ते दोनदा बंद पडलं, त्यातलं एकदा सलग सहा दिवस. मुलगी घरूनच ऑफिसचं काम करते. ते सहा दिवस तिने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कसेबसे काढले होते. महिन्याला 101 रुपये वाचतील आणि रोजची कटकटही जाईल, म्हणून मी तिथेच नाव नोंदवलं. पुढच्या तीन महिन्यांत जे कळत गेलं ते आधी कुणी सांगितलं असतं, तर माझे साडेतीन हजार रुपये वाचले असते. तुमचे तरी वाचावेत, म्हणून हे सगळं आकड्यांसकट लिहिते आहे.

पहिला आकडा फलकावरचाच. ब्रॉडबँडवर 18 टक्के जीएसटी लागतो आणि मोठ्या कंपन्या जाहिरातीत कराआधीचा दर लिहितात. म्हणजे 399 चे 470 रुपये 82 पैसे होतात, 499 चे 588 रुपये 82 पैसे, 599 चे 706 रुपये 82 पैसे आणि 999 चे 1,178 रुपये 82 पैसे. केबलवाला मात्र बहुतेक वेळा हातात द्यायची रक्कमच सांगतो. त्यामुळे माझे 600 आणि त्यांचे 588.82 यांत फरक पडला महिन्याला 11 रुपये 18 पैशांचा. शिवाय हा दर एकेक महिन्याचे पैसे भरणाऱ्याला नव्हताच. सहा महिन्यांचे एकदम, 3,532 रुपये 92 पैसे भरले, तर इन्स्टॉलेशनचे पैसे माफ. वेगाचंही तेच. जुनं नेट 100 एमबीपीएसचं होतं, हे 40 चं. दोन दर समोरासमोर ठेवायचे तर कर धरून, सारख्या वेगाचे आणि सारख्या मुदतीचे ठेवा. गेटावरच्या मुलाला सरळ विचारा, ‘आज माझ्या खात्यातून एकूण किती जाणार आणि सहा महिन्यांनी पुन्हा किती?’ आणि तो जे सांगेल ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

40 कमी वाटला तरी घाबरू नका. एमबीपीएसमधला बी हा बिट असतो, त्याला आठने भागलं की सेकंदाला किती एमबी उतरेल ते कळतं. 40 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला पाच एमबी. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, टीव्हीवर साध्या एचडी सिनेमाला पाचेक. चार माणसांच्या घराला 40-50 चा वेग सहसा पुरतो. अपलोडचा वेग मात्र वेगळा विचारून घ्या, घरून काम करणाऱ्याचं त्याच्यावरच अडतं. आणि ‘अनलिमिटेड’ शब्दाखाली बारीक अक्षरांत बरेचदा महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असते. ती दिवसाला 110 जीबी पडते आणि घरगुती वापर तिच्या जवळपासही जात नाही. छोट्या कंपन्यांची मर्यादा याहून बरीच कमी असू शकते. ती ओलांडली की वेग एकदम खाली येतो, म्हणून तो आकडा मागून घ्या.

आता मूळ अडचणीकडे येते. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर आहे. तिथे नवी कंपनीच जवळपास सगळं करते, जुनीशी आपल्याला बोलावंही लागत नाही. घरच्या ब्रॉडबँडला असं काही नाही. इथे पोर्ट होण्यासारखी वस्तूच नसते. वायर त्यांची, राउटरचा डबा त्यांचा, खातंही त्यांच्याकडचं. नवं घेणं आणि जुनं बंद करणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत आणि दोन्ही आपणच निभवायचे असतात. नव्या कंपनीचा मुलगा ‘जुनं आम्ही बघतो काकू’ असं म्हणाला, तर त्यावर विसंबू नका. जुन्या कंपनीत त्याचं कुणी ऐकत नाही. पैसे अडकतात ते या दोन व्यवहारांच्या मधल्या फटीत.

म्हणूनच नाव नोंदवण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा आणि दोष नक्की कुणाचा ते बघा. लॅपटॉप लॅन वायरने थेट डब्याला जोडा आणि वेग मोजा. वायरवर पूर्ण वेग येत असेल आणि बेडरूममध्येच नेट रडत असेल, तर कंपनी बदलून काही उपयोग नाही, दोष वायफायचा आहे. 2.4 गिगाहर्ट्झची लहर भिंती ओलांडते, पण शेजारीपाजारी सगळ्यांचे राउटर तिच्यावरच असल्याने तिथे गर्दी असते. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण एक-दोन भिंतींत दम तोडते. अशा वेळी हजार-दीड हजाराचा दुसरा राउटर घेणं शहाणपणाचं. कंपनी बदलली तरी तो तुमच्याकडेच राहतो.

डब्यावरचे दिवेही वाचायला शिका. फायबरच्या डब्यावर लॉस म्हणजे एलओएस असं लिहिलेला दिवा लाल झाला, तर वायर कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे. तो विझलेला आहे, पॉनचा दिवा हिरवा स्थिर आहे आणि तरीही नेट नाही, तर घोळ कंपनीच्या पलीकडच्या टोकाला आहे. तक्रार करताना हे सांगितलं की ‘राउटर बंद करून चालू करा’ या पहिल्या पायरीवरून गाडी लवकर पुढे सरकते.

आमच्या घरात दोष खरोखरच लाईनचा होता. केबलवाल्याचं नेट फायबरचं नव्हतं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर त्याची पेटी होती आणि तिथून साधी लॅन वायर गुलमोहरावरून आमच्या खिडकीत आली होती. त्या पेटीला वीज लागते. समोरच्या इमारतीची वीज गेली, की आमच्या घरात इन्व्हर्टर चालू असूनही नेट जायचं. जूनमध्ये गुलमोहराची फांदीच वायरवर कोसळली आणि सहा दिवस कुणी शिडी घेऊन आलं नाही. घरापर्यंत येणाऱ्या आजच्या फायबरमध्ये मधल्या वाटेवर वीज लागणारं यंत्र सहसा नसतं. एक्स्चेंजमध्ये आणि आपल्या घरात वीज असली की पुरतं. त्यामुळे नवं घेताना ‘फायबर माझ्या घरात येणार, की इमारतीपर्यंत फायबर आणि पुढे लॅन वायर?’ हा प्रश्न विचारायचा विसरू नका. दोन्हींना सर्रास फायबरच म्हणतात.

ते सहा दिवस मला वेगळ्या कारणानेही बोचतात. सेवेच्या गुणवत्तेचे दूरसंचार नियामकाचे, म्हणजे ट्रायचे, नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. घरच्या लाईनचा बिघाड तीन दिवसांहून अधिक रेंगाळला, तर ग्राहकाला भाड्यात सूट द्यावी अशी तरतूद त्यांत आहे. मी ती मागितलीच नाही, कारण तक्रारीचा नंबरही माझ्याकडे नव्हता. केबलवाल्याच्या माणसाला मी सहाही दिवस फोन करत होते, ‘दादा, आज तरी या’ म्हणत होते, आणि कागदावर यातलं काहीच नव्हतं. बिघाड झाला की आधी टोल-फ्री नंबरवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवा, तिचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा, मग दादाला फोन करा.

बदलायचं ठरलं की क्रम महत्त्वाचा. आधी नवं चालू करा, आठ-दहा दिवस वापरून बघा, मग जुनं बंद करा. या आठ-दहा दिवसांचं दुहेरी भाडं जातं, आमचे दोनेकशे रुपये गेले असतील, पण ते जाऊ द्यावेत. पैसे भरल्यापासून सात दिवसांत कनेक्शन चालू करून देण्याचा निकष त्याच नियमांत आहे. आमच्याकडे पाचव्या दिवशी माणसं आली. मात्र त्याआधी सोसायटीच्या समितीशी बोलून घ्या. नव्या कंपनीची वायर इमारतीत आधीपासून असेल तर काम तासाभराचं. नसेल तर डक्टमधून वायर नेण्याची परवानगी, गच्चीची किल्ली, कधी समितीने ठरवलेले पैसे, असं एकेक निघत जातं. मोठ्या नव्या संकुलांत कधीकधी एकाच कंपनीला आत येऊ दिलेलं असतं. तिथे रहिवाशांनी सर्वसाधारण सभेत विषय मांडल्याशिवाय मार्ग निघत नाही. 5जीवर चालणारं वायरविना घरगुती नेट हा अशा ठिकाणी एक पर्याय आहे. जिओएअरफायबर 19 सप्टेंबर 2023 ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू झालं. एअरटेलचं त्याच्या दीडेक महिना आधी आलं होतं. पण त्यात डेटाची मर्यादा सहसा वायरवाल्या फायबरपेक्षा कमी असते आणि टॉवरवरची गर्दी वाढली की वेग पडतो. फायबर मिळत असेल तर फायबरच घ्या.

माझी सर्वांत मोठी चूक मात्र सहा महिने आधीच होऊन बसली होती. जानेवारीत ‘वर्षाचे भरा ताई, पुढे दर वाढतोय’ असं ऐकून मी बारा महिन्यांचे 7,200 रुपये एकदम भरले होते. जुलैअखेर कनेक्शन बंद केलं तेव्हा पाच महिने, म्हणजे 3,000 रुपये, त्यांच्याकडे शिल्लक होते. उत्तर आलं, ‘वार्षिक पॅकचे पैसे परत मिळत नाहीत.’ पावतीच्या मागच्या बाजूला तसं छापलेलंही होतं. त्या पैशांवर पाणी सोडावं लागलं. लाईनबद्दल मनात जराही शंका असेल, तर वर्षाचं पॅक घेऊ नका. महिन्याचं किंवा फार तर तीन महिन्यांचं घ्या. दर थोडा जास्त पडला तरी निघून जाण्याची मोकळीक राहते. आणि वर्षाचं पॅक आधीच भरलेलं असेल, तर ते संपायला दोन महिने उरेपर्यंत थांबणं परवडतं का, याचा हिशेब करा.

बसवायला दोघं आले होते. एकाने जिन्याच्या पायरीवर बसकण मारली. काळ्या वायरचं साल सोलून त्याने आतला काचेचा तंतू बाहेर काढला, केसाइतका बारीक. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कागदाने तो पुसला, छोट्या यंत्रात ठेवून टोक सरळ कापलं. मग दुसऱ्या डब्यासारख्या यंत्रात दोन्ही टोकं समोरासमोर ठेवली, पडद्यावर ती मोठी होऊन दिसली, एक ठिणगी पडली आणि जोड झाला. ‘स्प्लायसिंग झालं काकू, आता पॉवर बघतो,’ म्हणत त्याने मीटर लावला. आकडा आला मायनस 21 डीबीएम, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद. हा आकडा तुम्हीही विचारा आणि मीटरचा फोटो काढून ठेवा. मायनस 15 ते मायनस 25 च्या दरम्यान असेल तर लाईन चांगली. मायनस 27 च्या पलीकडे गेला की नेट तुटायला लागतं. पुढे कधी वेग पडला, तर ‘बसवताना एवढी पॉवर होती, आता मोजून दाखवा’ असं म्हणता येतं.

डबा कुठे लावायचा यावरून आमची थोडी ओढाताण झाली. दाराच्या वर लावला तर त्यांची वायर वाचत होती. मी हॉलच्या मधल्या भिंतीचा आग्रह धरला, कारण तिथून स्वयंपाकघर आणि दोन्ही खोल्या सारख्या अंतरावर येतात. 30 मीटरपर्यंतची वायर फुकट होती, वरच्या वायरीचे 300 रुपये दिले. ते पैसे कारणी लागले. तरीही मागच्या बेडरूमसाठी 1,600 रुपयांचा दुसरा राउटर घ्यावाच लागला. माणसं जायच्या आत तीन गोष्टी करून घ्या. लॅन वायर लावून वेग मोजा. वायफायचा पासवर्ड तुमच्या हाताने बदला. डबा डिपॉझिटवर आहे, भाड्याने आहे की तुमच्या मालकीचा, हे बिलावर लिहून घ्या. जुन्या राउटरचंच नाव आणि पासवर्ड नव्याला दिला, तर टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळं आपोआप जोडलं जातं आणि घरातल्या ज्येष्ठांचे हेलपाटे वाचतात.

घरात सीसीटीव्ही असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. बहुतेक कंपन्या एकच आयपी पत्ता अनेक घरांत वाटून देतात. बाहेरून थेट डीव्हीआरशी जोडणारी जुन्या पद्धतीची मांडणी मग चालत नाही. कॅमेरा कंपनीच्या ॲपमधून क्लाउडवर दिसत असेल तर अडचण येत नाही. नाहीतर स्टॅटिक आयपी घ्यावा लागतो आणि त्याचे दरमहा वेगळे पैसे पडतात. ब्रॉडबँडबरोबर जुना लँडलाइन नंबर येत असेल, तर तोही नव्या कंपनीकडे नेता येत नाही. बँकेत, गॅस एजन्सीकडे, सोसायटीच्या यादीत तो दिलेला असेल, तर आधी तिथे बदला.

आता जुनं बंद करणं. फोनवर सांगून ते बंद होत नाही, असंच समजून चाला. ईमेल पाठवा: ग्राहक क्रमांक, कोणत्या तारखेपासून बंद, डिपॉझिट किती, ते कोणत्या खात्यात हवं. केबलवाला बहुतेक वेळा एखाद्या परवानाधारक कंपनीची फ्रँचायझी असतो. बिलावर जीएसटी क्रमांकाशेजारी कोणाचं नाव आहे ते पाहा आणि ईमेल त्या कंपनीलाही पाठवा. मी हे दोन आठवडे उशिरा केलं, पण डिपॉझिट हललं ते त्यानंतरच.

डबा 4 ऑगस्टला परत दिला. माझं डिपॉझिट 1,000 रुपये होतं. दोन वर्षांपूर्वी डब्याचा मूळ अडॅप्टर जळला होता, तेव्हा त्यांच्याच माणसाच्या सांगण्यावरून मी बाजारातून दुसरा आणला होता. आता तो ‘आमचा नाही’ म्हणून 350 रुपये कापले. उरलेले 650 आले 14 ऑक्टोबरला, 71 व्या दिवशी. मधल्या काळात चार फोन आणि दोन ईमेल झाले. डबा देताना अडॅप्टर, वायर आणि डबा एका चादरीवर मांडून फोटो काढा. डब्याच्या तळाशी असलेला सीरियल नंबर फोटोत वाचता यायला हवा. घ्यायला आलेल्या माणसाची सही असलेली पोच मागा, त्याच्याकडे छापील कागद नसेल तर साध्या कागदावर. पोच मिळाल्याशिवाय डबा हातातून सोडू नका. काही महिन्यांनी ‘डबा जमाच झाला नाही’ म्हणून बिल आलं, तर तोच कागद तुम्हाला वाचवील.

सगळं जोडलं तर परत न आलेले 3,000, अडॅप्टरचे 350 आणि वायरचे 300, असे 3,650 रुपये फक्त बदलण्यापायी गेले. महिन्याला 11 रुपये 18 पैसे वाचवून ते भरून निघायला सत्तावीस वर्षं लागतील. दर कमी म्हणून बदललं असतं तर हा निव्वळ तोटा होता. लाईन तुटत नाही म्हणून मला तो सोसवला.

कंपनीने हात झटकले तर कुठे जायचं, याचा क्रमही ठरलेला आहे. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद आणि तिचा नंबर. तिथे समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अपील. त्याला पैसे पडत नाहीत आणि 39 दिवसांत निकाल देणं बंधनकारक आहे. अपील अधिकाऱ्याचा ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, जरा शोधावा लागतो. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे लिहून दिवस घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. माझ्या डिपॉझिटला तिथल्या नोंदीमुळेही गती आली.

आणि तरीही काही झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याआधी 2009 च्या एका निकालामुळे टेलिफोनची भांडणं ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असं सांगून लोकांना परत पाठवलं जाई. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शंका पुरती मिटवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. वकील लागतोच असं नाही. 650 रुपयांसाठी कोण तिथे जाणार, असं मलाही वाटलं होतं. पण अपिलाच्या ईमेलमध्ये ‘यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन’ हे एक वाक्य लिहिल्यावर मला दोन दिवसांत फोन आला.

शेवटचं काम यूपीआय ॲपमध्ये राहिलेलं असतं. जुन्या कंपनीला ऑटोपे दिलेलं असेल, तर कनेक्शन बंद झालं तरी ती परवानगी आपोआप जाईलच असं नाही. ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असं लिहिलेलं असतं, तिथे जाऊन रद्द करा. क्रेडिट कार्डावर दिलेली परवानगी बँकेच्या ॲपमधून काढा. पैसे कापण्याच्या 24 तास आधी बँकेचा संदेश येतो, तो जुन्या कंपनीच्या नावाने आला तर त्याच दिवशी थांबवा. आणि खिडकीतून लोंबणारी जुनी वायर काढून न्यायला केबलवाल्याला सांगा. आमची अजून गुलमोहरावर आहे, तिच्यासाठीचा ईमेल काल गेला.